दुकान गेले, चवही गेली का?

प्रश्न : सुमारे तीस वर्षांपूर्वी मी शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये होते. तिथल्या मुख्य बाजारपेठेतल्या चॉकलेटच्या दुकानात ईस्टरच्या अंड्यावर आपल्यासमोर आयसिंगने नाव काढून देत असत. गेल्या वर्षी मुलीकडे गेले, तेव्हा त्या जागी मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते आणि सुपरमार्केटमधून आणलेला चॉकलेटचा डबा मेणासारखा लागला. माझीच जीभ म्हातारी झाली, की चॉकलेट बिघडले?

उत्तर : जिभेला इतक्यात दोष देऊ नका.

आधी दुकानांविषयी. शेफील्डमध्ये १९११ साली सुरू झालेल्या थॉर्नटन्स या चॉकलेट कंपनीची दुकाने एकेकाळी ब्रिटनमध्ये गावोगावी दिसत. फरेरो या इटालियन कंपनीने २०१५ मध्ये हा व्यवसाय ११ कोटी २० लाख पौंडांना घेतला आणि मार्च २०२१ मध्ये उरलेली ६१ दुकानेही बंद करण्याचे जाहीर केले. टाळेबंदीत ईस्टरचे दोन हंगाम हातचे गेले हे खरे. पण तोच डबा सुपरमार्केटमध्येही मिळू लागल्यावर भर बाजारातल्या जागेचे भाडे काउंटरवरच्या विक्रीतून निघणार कसे, हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासूनचा होता.

दुकान गेल्याचा परिणाम पदार्थावरही होतो, असे मला वाटते. काउंटरवर सुटे विकायचे चॉकलेट थोड्या दिवसांत संपेल या हिशेबाने करता येते. सुपरमार्केटच्या फळीवरच्या डब्याला मात्र कित्येक महिने टिकावे लागते, आणि मग ताज्या सायीच्या नाजूक सारणापेक्षा साखर आणि वनस्पती तेल यांचे सारण कारखान्याला सोयीचे पडते.

तुम्हाला जाणवलेला मेणचटपणा बहुधा याच तेलांचा असावा. नीट घडवलेल्या चॉकलेटमधले कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरासे खाली वितळते, म्हणून तुकडा जिभेवर ठेवताच पाघळतो. त्याहून उशिरा वितळणारी चरबी मिसळली, की टाळूला थर चिकटून राहतो. ब्रिटिश नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहाच वनस्पतिजन्य चरबी, त्याही ५ टक्क्यांपर्यंतच चालतात. (त्या सहांत आपले कोकम आणि आंब्याची कोयही आहे!) ही मर्यादा चॉकलेटला आहे, आतल्या सारणाला नाही, हे लक्षात ठेवावे.

जुन्या नावाखाली आतला माल बदलल्याची उदाहरणेही आहेत. कॅडबरीच्या क्रीम एग या सारण भरलेल्या चॉकलेटच्या अंड्याचे कवच २०१५ पर्यंत डेअरी मिल्कचे असे. त्या वर्षी ते साध्या चॉकलेटचे झाले आणि सहा अंड्यांच्या खोक्यात पाचच येऊ लागली. पुढे घाना आणि आयव्हरी कोस्टमधले पीक हवामानाने व रोगाने घटले, डिसेंबर २०२४ मध्ये कोको टनाला १२ हजार डॉलरांवर गेला, आणि २०२५ मध्ये पेंग्विन व क्लब या बिस्किटांवरच्या थरात कोको इतका कमी झाला, की त्याला चॉकलेट म्हणता येईना. वेष्टणावर ‘चॉकलेट फ्लेवर’ असे छापावे लागले.

तेव्हा मुलीला डब्याची मागची बाजू वाचायला सांगा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखरेपाठोपाठ पाम तेल आले, तर डबा परत फळीवर ठेवावा. तिथे मिल्क चॉकलेटमध्ये कोको किमान २५ टक्के लागतो, ‘फॅमिली मिल्क चॉकलेट’ला मात्र २० टक्केही पुरतो. स्वतः चॉकलेट घडवणारे छोटे कारागीर अजून आहेत. त्यांचा माल महाग पडतो, पण अंड्यावर नाव काढून मिळण्याची आशा असलीच तर त्यांच्याकडेच.