मातोश्रींच्या निवासासाठी फ्लॅट विकून एकरकमी पैसे भरावेत का?

आपल्या पत्रातील परिस्थिती थोडक्यात अशी आहे. मातोश्रींचे वय 78, चालताना आधार लागतो, आणि विस्मरणाची नुकतीच सुरुवात झाली आहे. नाशिकच्या गंगापूर रोडजवळ एका बंगल्यात नऊ ज्येष्ठांची देखभाल करणारे घर आपण व आपल्या भगिनींनी निवडले आहे. दरमहा 30,000 रुपये, किंवा परत न मिळणारे 15 लाख रुपये एकदाच भरून पुढे आजीवन दरमहा 15,000 रुपये, असे दोन पर्याय संचालकांनी दिले आहेत. या 15 लाखांसाठी मातोश्रींच्या नावावरचा इंदिरानगरचा फ्लॅट विकावा काय, असा आपला प्रश्न आहे.

माझ्या मते एकरकमी पर्याय घेऊ नये आणि फ्लॅटही आत्ता विकू नये.

15 लाख भरल्याने वर्षाला 1,80,000 रुपये वाचतात. तेच 15 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या 8.2 टक्के दराने ठेवले तर वर्षाला 1,23,000 रुपये व्याज मिळते आणि मुद्दल शाबूत राहते. व्याजाचा हिशेब धरला तर भरलेले पैसे वसूल व्हायला साडेचौदा वर्षे लागतात, म्हणजे मातोश्री तोपर्यंत नव्वदी पार करून त्याच घरात राहत असाव्या लागतील. पूर्ण शुल्क दरवर्षी वाढून 15,000 मात्र कायम गोठलेले राहणार असेल तर हा काळ कमी होईल, पण तशी लेखी हमी मागून पाहा. ती सहसा मिळत नाही.

हिशेबापेक्षा मोठी अडचण निराळी आहे. नऊ जणांच्या घरात आपुलकी असते, सकाळचा चहा कोणाला बिनसाखरेचा लागतो हे आयांना पाठ असते. पण असे घर बहुधा एका कुटुंबाच्या हिमतीवर चालते. बंगला भाड्याचा असेल आणि मालकाने तो परत मागितला, तर आपले 15 लाख कोणत्याही तारणाशिवाय अडकतील. शिवाय विस्मरण वाढून मातोश्री रात्री उठून बाहेर जाऊ लागल्या, किंवा अंथरुणाला खिळल्या, तर हे घर त्यांना सांभाळू शकेलच असे नाही. तेव्हा दुसरीकडे हलवण्याची मोकळीक हाताशी असावी. म्हणून महिन्याचे शुल्क आणि परत मिळणारी दोन-तीन महिन्यांची अनामत, एवढ्यावरच करार करावा. त्यात रात्रपाळीला किती माणसे असतात आणि पूर्ण परावलंबी झाल्यावर दर किती होईल, हे लिहून घ्यावे.

डायपर, औषधे व फिजिओथेरपी धरून महिन्याचा खर्च 37,000 होईल असे आपण कळवले आहे. मातोश्रींची कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम 21,000 आहे. त्यांच्या 26 लाखांच्या ठेवींपैकी 20 लाख वरील योजनेत ठेवल्यास (मर्यादा 30 लाखांची आहे) दर तिमाहीस 41,000, म्हणजे महिन्याला सुमारे 13,600 रुपये येतील. फ्लॅटचे भाडे 13,000 धरले तर एकूण 47,000 च्या वर जाते. खर्च दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढला तर चौथ्या वर्षाच्या सुमारास ही शिल्लक संपेल, आणि फ्लॅट विकण्याचा विचार तेव्हा करावा. उरलेले 6 लाख इस्पितळासाठी राखून ठेवा. 70 वर्षांवरील सर्वांना मिळणारे आयुष्मान कार्ड काढलेले नसेल तर तेही काढा, मात्र देखभालीचे मासिक शुल्क त्यातून मिळत नाही. आपल्या ठेवींपैकी जी रक्कम पतसंस्थेत आहे ती आधी बाहेर काढा. 5 लाखांचे ठेव विमा संरक्षण बँकांना असते, पतसंस्थांना नसते.

फ्लॅट आत्ताच विकण्याच्या बाजूने एक वजनदार मुद्दा आहे, आणि तो दलाल सांगतात तो सिंहस्थाच्या भाववाढीचा नव्हे. मातोश्रींची समज गेल्यावर त्यांची सही चालणार नाही, आधी करून ठेवलेले मुखत्यारपत्रही निष्प्रभ ठरेल, आणि मग विक्रीसाठी न्यायालयात जावे लागेल. यावर उपाय म्हणून त्यांची इच्छा असेल तर त्यांनी फ्लॅट आपणा दोघा भावंडांना बक्षीसपत्राने द्यावा. महाराष्ट्रात मुलांना राहते घर देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे; स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. मात्र आईचा सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. ती मोडली गेल्यास ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याच्या कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा मार्ग त्यांना खुला राहतो. दस्ताच्या दिवशीचे त्यांच्या मानसिक क्षमतेचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे. पुढे भाडे आपल्या उत्पन्नात धरले जाईल, तेव्हा ते दरमहा मातोश्रींच्या खर्चासाठीच वळवण्याचे भगिनींशी आधीच लेखी ठरवून घ्या.

बक्षीसपत्राचे काम घर निश्चित होण्याची वाट न पाहता याच महिन्यात वकिलांकडे सोपवावे.