मे महिन्यात श्रीलंकेला देवमासे दिसतील का?

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे, मुलुंडला राहते. नऊ वर्षांच्या नातवाला देवमाशांचं वेड आहे, म्हणून मुलगा आणि सून मे महिन्याच्या सुट्टीत आम्हा सगळ्यांना श्रीलंकेला नेणार आहेत. टूरवाल्याने मिरिसाला तीन रात्री धरल्या आहेत आणि ‘ब्लू व्हेल शंभर टक्के’ असं लिहून दिलंय. जादा पैसे भरले तर देवमाशांजवळ पोहताही येईल, असंही म्हणतो. मला मात्र मांडव्याच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं. मी जावं का? नातवाचाही एक प्रश्न आहे: हे देवमासे अंटार्क्टिकाहून येतात का?

उत्तर: ताई, जरूर जा. पण मे महिन्यात मिरिसाला नको.

मिरिसा श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला आहे. तिथला हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी वारे आधी त्याच किनाऱ्यावर येतात, मग केरळात आणि मग आपल्याकडे. आपल्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात ज्या कारणासाठी बंद ठेवतात, तसाच समुद्र तिथे मे महिन्यात उसळायला लागतो. एखाद्या उघडीपीच्या दिवशी होडी निघेलही, पण तुम्हाला मळमळ होते आणि बरोबर लहान मूल आहे. त्या लाटांत कशाला जायचं?

तुमच्या सुट्टीच्या तारखांना जुळणारी जागा पूर्व किनाऱ्यावर आहे, त्रिंकोमाली. नैर्ऋत्येचा वारा आणि पाऊस मधल्या डोंगरांमुळे अडतो, त्यामुळे मे महिन्यात तिथला समुद्र बराच शांत असतो, सकाळी तर विशेष. बंदराच्या तोंडापासूनच समुद्रतळाला खोल दरी आहे. खोल पाणी किनाऱ्याच्या इतकं जवळ असल्यामुळे देवमासेही जवळून जातात. उप्पुवेली आणि निलावेली या शेजारच्या किनाऱ्यांवरून पहाटे होड्या सुटतात. मुंबईहून कोलंबो विमानाने अडीच तासांच्या आसपास, पण पुढचा रस्ता लांबचा आहे, सहा तास सहज जातात. एका दमात करू नका. वाटेत दांबुला किंवा सिगिरियाला मुक्काम करा, नातू सिगिरियाचा खडक चढेल. मिरिसाच्या तीन रात्री रद्द करून त्याच त्रिंकोमालीला द्या. एकच सकाळ हाताशी ठेवून गेलात आणि त्या दिवशी काही दिसलं नाही, तर मुलाचा फार हिरमोड होतो.

आता तुमच्या मळमळीचं. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या उंच कड्यावर, स्वामी रॉकवर, कोणेश्वराचं देऊळ आहे. या कड्यावरून देवमाशांचे फवारे दिसल्याच्या नोंदी आहेत. होडीत बसायचं धाडस झालं नाही तर दुर्बीण घेऊन सकाळी तिथे बसा. तुम्ही सहलीतून वगळल्या जाणार नाही, ही मला या जागेची सगळ्यात मोठी सोय वाटते. कड्याला एक चीर आहे, ती रावणाच्या तलवारीने पडली असं तिथले लोक सांगतात. नातवाला ही गोष्ट तुम्हीच सांगा. होडीत बसायचं ठरलं, तर मधोमध आणि खालच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलमध्ये डोकं घालू नका. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. मळमळीची गोळी होडी हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, आधी घ्यावी लागते. रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल हे तुमच्या डॉक्टरांना मुंबईतच विचारून घ्या. पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या असू द्या.

‘शंभर टक्के’वर विश्वास ठेवू नका. मोकळ्या समुद्रातल्या प्राण्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. पोहण्याच्या गोष्टीला तर ठाम नकार द्या. श्रीलंकेत देवमाशांबरोबर पोहायला कायद्याने बंदी आहे आणि होडीनेही शंभर मीटर अंतर राखायचं असतं. पर्यटकांनी आग्रह धरला की होडीवाला जवळ जातो, चार होड्या चारी बाजूंनी घेरतात आणि श्वास घ्यायला वर आलेला जीव घाईने बुडी मारतो. पैसे भरण्याआधी होडीवाल्याला विचारा, अंतर किती ठेवता? उत्तर टाळलं तर दुसरी होडी बघा. ‘आणखी जवळ घ्या’ म्हणून बक्षिशी देऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

आता नातवाचा प्रश्न. नाही बाळा, हे अंटार्क्टिकाला जात नाहीत. जगातले बरेच निळे देवमासे थंड समुद्रात पोट भरतात आणि उष्ण समुद्रात पिल्लांना जन्म देतात. श्रीलंकेभोवतीचे मात्र वर्षभर उष्ण पाण्यातच राहतात, खातातही तिथेच. श्रीलंकेच्या संशोधक आशा डी वोस यांनी २००३ मध्ये तिथल्या समुद्रात देवमाशाची ताजी लालसर विष्ठा तरंगताना पाहिली. म्हणजे हे इथेच जेवतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि पुढे त्यांनी याच देवमाशांचा अभ्यास केला. हा प्राणी बेस्टच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल जवळजवळ तेवढा असतो, पण तुला एकदम सगळा दिसणार नाही. आधी उंच फवारा, मग लांबच लांब पाठ, अगदी मागे एक छोटासा पर, आणि नशीब असेल तर शेपूट. मग तो बुडी मारून दहाएक मिनिटं खाली राहतो. तेवढा वेळ गप्प बसायची सवय आत्तापासून कर.

मिरिसाच मनात असेल तर नाताळच्या सुट्टीत जा. तिथे एक गोष्ट नातवाला जरूर दाखवा: क्षितिजावरून जाणारी मालवाहू जहाजं. मिरिसाजवळच्या देवुंदरा टोकाच्या दक्षिणेचा हा जलमार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी आहे आणि तो देवमाशांच्या चरण्याच्या जागेतूनच जातो. जहाजांच्या धडकेने ते मरतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्यांनीही हे करावं, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आपल्या कोकणात देवमासे बघता येत नाहीत का? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर: ते आपल्या समुद्रात आहेत, पण खास त्यांच्यासाठी जावं इतके हमखास दिसत नाहीत. २०१५ मध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं. लोकांनी रात्रंदिवस खटपट करून ते पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही. तुम्हाला कधी किनाऱ्यावर असा प्राणी दिसला तर दोर बांधून ओढू नका, त्याच्या नाकपुडीत पाणी जाऊ देऊ नका, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा. नाकपुडी डोक्यावर असते. ओळखीत कोणी मच्छीमार असतील तर त्यांनाही सांगा: जाळ्यात अडकलेला संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकारच्या योजनेतून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते.