पाळी दहा-दहा दिवस चालते, घरचे म्हणतात लग्न झाल्यावर नीट होईल. मी डॉक्टरकडे जाऊ का?

जा. याच आठवड्यात जा.

तुला तू म्हणते, चोवीस वर्षांची आहेस म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तू लिहिलंयस की वर्षभरापासून पाळी दहा-दहा दिवस चालते, पहिले दोन दिवस गाठी पडतात, ऑफिसात मेफ्टाल (पाळीच्या दुखण्यावरची गोळी) खाऊन बसतेस आणि आई म्हणते आमच्या वेळी पण असंच होतं, लग्न झालं की सगळं नीट होतं. तर लग्नाने पाळी नीट होत नाही. हा समज कुठून आला याचा माझा अंदाज असा की पूर्वी लग्न झालं की वर्षभरात दिवस जायचे, मग बाळंतपण, मग अंगावर पाजणं, त्यात दीड-दोन वर्षं पाळीच यायची नाही, म्हणून बायकांना वाटायचं चला सुटलो. पाळी परत सुरू झाली की दुखणंही परत, पण तेव्हा मांडीवर पोर असायचं, कोण बोलणार.

पण आईशी वाद घालू नकोस, उलट तिला नीट विचार की तुला नक्की काय व्हायचं. कारण एंडोमेट्रिओसिस (गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीच्या बाहेर वाढतं तो आजार, साधारण दहातल्या एका बाईला असतो) घराण्यात चालत येऊ शकतो, पिशवीतल्या फायब्रॉइडच्या गाठी पण, आणि रक्त लवकर न गोठण्याचे काही आजार पण. त्यामुळे "आमच्या वेळी पण असंच होतं" हे तुला गप्प बसवायला म्हटलेलं वाक्य डॉक्टरांसाठी कामाची माहिती आहे. दात काढल्यावर किंवा बाळंतपणात आईचं रक्त थांबत नव्हतं का, हे पण विचारून ठेव.

आता माझं सांगते. माझा त्रास पहिल्यापासून, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर फारच वाढला, रात्री दोन पॅड लावून खाली जुनी चादर टाकून झोपायचे, जिना चढताना धाप लागायची तर मला वाटायचं वजन वाढलंय, आणि डब्यातले कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय लागली होती त्यावरून घरात सगळे हसायचे. ती सवय म्हणजे पण अंगातलं लोह संपल्याची खूण असते हे मला नंतर कळलं. एचबी (हिमोग्लोबिन) निघालं ७.४. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, म्हणजे बघ.

त्यामुळे माझ्या मते सगळ्यात आधी सीबीसी (रक्ताची साधी तपासणी, त्यात एचबी कळतं) करून घे, ती स्वस्तातली तपासणी आहे, सरकारी दवाखान्यात पण होते, आणि सोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) लिहून द्यायला सांग. एचबी बरं दिसतं पण साठा रिकामा असतो, असं खूप मुलींचं होतं. थायरॉइडची टीएसएच तपासणी पण बऱ्याचदा करतात, कारण थायरॉइड बिघडला की पाळी बिघडते. लोहाच्या गोळ्या दिल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. शी काळी होते, घाबरू नकोस.

जाताना लिहून ने. "खूप जातं" म्हटलं की डॉक्टरपण मान हलवून पुढे जातात, कारण प्रत्येकीला आपलं खूपच वाटतं. पुस्तकात नॉर्मल म्हणजे २१ ते ३५ दिवसांनी येणारी, आठ दिवसांच्या आत थांबणारी, आणि एका पाळीत ८० मिलीच्या वर गेलं तर जास्त, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग धर. पण ते कोण मोजणार, म्हणून पॅड मोजायचे. किती तासांनी भिजलं, गाठ दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी होती का, रात्री उठावं लागलं का, कुठल्या दिवशी कामावर खाडा झाला, दोन पाळ्यांच्या मधे डाग दिसतात का, संडासला बसताना दुखतं का. मोबाईलच्या कॅलेंडरात टाकलं तरी चालतं. मी नुसतं तोंडाने सांगत होते तोवर मला रक्त थांबायच्या गोळ्या आणि टॉनिक मिळत गेलं, कागद समोर ठेवला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पेन खाली ठेवून प्रश्न विचारले.

लग्न झालेलं नाही म्हणून तू आणि आई दोघी घाबरत असाल तर ऐक, सोनोग्राफी पोटावरून होते, पाणी पिऊन लघवी दाबून बसायचं एवढंच. आतून तपासणी तुझ्या परवानगीशिवाय कोणी करायची नसते, नको असेल तर नको म्हण. "लग्न झालंय का" असं विचारतात तेव्हा त्यांना संबंध आलाय का ते विचारायचं असतं, खरं उत्तर दे, आणि आईसमोर देता येत नसेल तर डॉक्टरांना म्हण मला दोन मिनिटं एकटीने बोलायचंय. यात लाजण्यासारखं काही नाही, प्रेग्नन्सी आहे की नाही यावर पुढची सगळी ट्रीटमेंट अवलंबून असते.

आणि सोनोग्राफी नॉर्मल आली तरी "काही नाही तुला" एवढ्यावर उठू नकोस. एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाही. आजकाल कुणालाही पीसीओडी (हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) चिकटवतात, तसं म्हणाले तर कशावरून ते विचार. मग का होतंय, हा एक प्रश्न धरून ठेव.

मेफ्टालचं म्हणशील तर पाळीचे दोन-तीन दिवस जेवणानंतर घेणं वेगळं आणि महिनाभर पर्समधे ठेवून खाणं वेगळं. २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्यातल्या मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल इशारा दिला होता, क्वचित कुणाला ताप, पुरळ येऊन गंभीर रिअ‍ॅक्शन होते. तसंच सत्यनारायण आला, गणपती आले की मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात, त्या तू स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नकोस, आधीच बिघडलेल्या पाळीत त्या गोळ्या घेतल्या तर खरा त्रास काय तेच कळेनासं होतं. देवाला चालतं गं.

हॉर्मोनच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तर "पुढे मूल होणार नाही" असं कुणीतरी नक्की सांगेल, ते खोटं आहे. पण मायग्रेन असेल, सिगारेट ओढत असशील किंवा घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी सांग.

मला एकांनी पाच मिनिटांत पिशवी काढायला सांगितली होती, दोन मुलं झालीत ना, मग कशाला ठेवता म्हणे. माझं माहेर बीड जिल्ह्यातलं, म्हणून मी उठून आले. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती काढल्या गेल्या हे २०१९ मधे सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, नीलम गोऱ्हेंच्या समितीसमोर ८२ हजारांवर बायकांची पाहणी आली त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली होती, कितीतरी तिशी-पस्तिशीतल्या. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पाळीत फडावर उभं राहवत नाही, आणि डॉक्टर म्हणतो पुढे कॅन्सर होईल. पिशवी काढणं वाईटच असं नाही, माझ्या जावेची काढली, ती सुखी आहे, पण तिचे आधीचे सगळे उपाय करून झाले होते. मला अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर पिशवीच्या स्नायूतच वाढतं तो आजार) निघालं, मिरेना (पिशवीत बसवायची हॉर्मोनवाली तांबीसारखी वस्तू) बसवली, पहिले काही महिने रोज डाग पडून वैताग आला, आता पाळी नावापुरती येते.

तासाला एक पॅड भिजतंय असं सलग दोन-तीन तास झालं, चक्कर येऊन पडलीस, किंवा पाळी चुकून मग एका बाजूला जोरात दुखायला लागलं तर अपॉइंटमेंट वगैरे सोड, सरळ कॅज्युअल्टीत जा.

बाकी वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ, एमडी, एमएस किंवा डीजीओ अशी पदवी बघून. पाळी चालू असली तरी जाता येतं, थांबायची वाट बघत बसू नकोस. आतापर्यंत खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिप पिशवीत टाकून ने, "गुलाबी होती, गोल" यावरून कुणालाच काही कळत नाही.