दोन मार्कांनी हुकलं, मग नशीब की मेहनत?

‘पेठेतला अजून एक’ अशा नावाने मेल आलाय. वय २८, लातूरकडचा, बीएस्सी ॲग्री, वडलांची सोयाबीनची शेती, पुण्यात पेठेत राहून पाच वर्षं एमपीएससीच्या राज्यसेवेचा अभ्यास. यावेळची पूर्व परीक्षा दोन मार्कांनी गेली. त्याच रूमवरच्या मित्राची मात्र पहिल्याच फटक्यात पीएसआयची पोस्ट निघाली, गावात डीजे, गुलाल, वेशीवर फ्लेक्स सगळं झालं. वडील म्हणतात मेहनत कमी पडली, आई म्हणते नशिबात नव्हतं, आणि हा विचारतोय, ‘ताई, खरं काय समजू? अजून किती वर्षं थांबू?’ जाता जाता हेही लिहिलंय की दोन महिने झाले, त्या मित्राचा फोन उचलत नाहीये.

अरे, आधी ते दोन मार्कच बघू. जीएसचा, म्हणजे सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० मार्कांचा, आणि चुकलं की त्या प्रश्नाच्या दोन मार्कांतला पाव हिस्सा कट, म्हणजे अर्धा मार्क. चुकलेल्यातला एक जरी बरोबर आला असता तर अडीच मार्कांचा फरक पडला असता, म्हणजे तुझं अख्खं वर्ष उत्तरपत्रिकेतल्या एका गोळ्यावर गेलंय. आणि असे गोळे कसे काळे होतात ते तुला माहितीच आहे, चारातले दोन पर्याय अभ्यासाच्या जोरावर उडवायचे आणि उरलेल्या दोनात देवाचं नाव घ्यायचं! दोन उडवले ती तुझी मेहनत, पुढचं नशीब, मग त्यात भर म्हणून फायनल आन्सर कीमध्ये एखादा प्रश्न रद्द होतो, त्या वर्षी जागाच कमी निघतात, कटऑफ वर जातो, यातलं काहीच तुझ्या हातात नसतं. मुख्य परीक्षेचंच बघ ना, किती वर्षं पोरं ऑब्जेक्टिव्हची तयारी करत होती आणि मग सगळं डिस्क्रिप्टिव्ह, म्हणजे लेखी उत्तरांचं करायचं ठरलं, त्यावर २०२३ ला पुण्यात आंदोलन झालं तेव्हा कुठे ते २०२५ पासून लागू करायचं ठरलं.

म्हणजे आईचंच खरं का? तर नाही, अर्धंच. नशिबाचा खेळ कटऑफच्या आजूबाजूच्या पाच-सात मार्कांत चालतो, चाळीस मार्कांनी मागे राहणाऱ्याने नशिबाला शिव्या घालण्यात अर्थ नाही. म्हणून एक काम कर, पाचही वर्षांचे तुझे पूर्वचे मार्क आणि त्या त्या वर्षीचा तुझ्या कॅटेगरीचा कटऑफ शेजारी शेजारी लिहून काढ. अंतर कमी होत आलं असेल तर अभ्यास लाईनवर आहे. पाचही वर्षं तेवढंच असेल किंवा वाढत असेल तर मात्र गडबड आहे आणि ती नशिबाची नाही. आणि प्लीज, अभ्यासिकेत किती तास बसलो ते मोजू नकोस, त्या बारा तासांतले तीन टपरीवर कटऑफची चर्चा करण्यात जातात हे सगळ्या पेठेला माहितीये.

मित्राबद्दल तूच लिहिलंयस की तो पहाटे उठून ग्राउंडला पळायला जायचा आणि तू झोपलेला असायचास. मग त्याला नुसता नशीबवान म्हणू नकोस ना. पण तू हेही लिहिलंयस की त्याला घरून पैसे यायचे आणि तू दीड वर्षं संध्याकाळी डिलिव्हरी करून मेसचे पैसे भरलेस, आता हे नशीब कुणीच मोजत नाही बघ. सत्काराच्या भाषणात रोजचे चौदा तास येतात, महिन्याच्या एक तारखेला खात्यावर आलेले पैसे कधी येत नाहीत. आणि तेवढेच तास बसून ज्याचं नाव लिस्टमध्ये आलं नाही त्याला माईक कोण देणार! त्या भाषणांच्या रील्स बघणं तर आधी बंद कर.

आता किती वर्षं. यात मी जरा कडक बोलणारे. एमपीएससीला ओपनची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३, आणि २०२० च्या शेवटी ओपनवाल्यांना सहा प्रयत्नांची मर्यादा लावली होती तीही नंतर काढली, म्हणजे आता पुरे असं तुला आयोग सांगणार नाही, ते तुलाच ठरवावं लागणार. माझं मत विचारशील तर अजून एक पूर्व दे, पण हातात काहीतरी कमाई धरून. सरळसेवा, म्हणजे तलाठीसारख्या पदांची थेट भरती, हा सोपा प्लॅन बी आहे असंही समजू नको, २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज १० लाखांच्या वर. त्यापेक्षा तुझी ॲग्रीची डिग्री वापर की! आयबीपीएस या बँकभरतीच्या परीक्षेतून बँकांत कृषी अधिकारी घेतात, तिथे ओपनला वयाची अट ३० आहे, म्हणजे तुझं हे दार लवकर बंद होणारे आणि तू त्याच्याकडे बघतच नाहीयेस.

वडलांशी बोलताना मेहनतीवर वाद घालू नकोस. त्यांनी पेरणी वेळेवर केली, खत दिलं, फवारणी केली आणि २०२५ च्या सप्टेंबरसारखा पाऊस काढणीच्या तोंडावर शेतात उभा राहिला, तर त्यांना कुणी म्हणतं का मेहनत कमी पडली म्हणून? मार्कांचा तो कागद त्यांच्यासमोर ठेव आणि पुढचा हिशोब दोघं मिळून करा, किती महिने, किती पैसे, कुठून.

आणि मित्राला आज संध्याकाळीच फोन लाव. अभिनंदन म्हण, राग आला होता म्हणून उचलला नाही असं सरळ सांग. पीएसआय झाला असला तरी त्यासाठी काय तुला आत टाकणार नाही तो.