शंख-शिंपल्यांची ओळख तोंडावरून

प्रश्न : गेल्या दिवाळीत तारकर्लीच्या वाळूतून रिकामे शंख-शिंपले वेचून आणले. मुलीने रंगाप्रमाणे त्यांचे अकरा ढीग केलेत, पण एकाचंही नाव लागत नाही. फोटो पाठवत आहे. प्लायवूडच्या पेटीतल्या काहींवर पावसाळ्यात पांढरी भुकटी आली. व्हिनेगरने पुसू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : व्हिनेगर अजिबात नको. कवच कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. आम्ल लागलं की ते फसफसून विरघळतं, आणि सगळ्यात आधी झिलई जाते.

आता ढीग मोडायला सांगा. करडे, गुलाबी, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे ते चपटे, बटणासारखे शंख एकाच जातीचे आहेत : अंबोनियम व्हेस्टिआरियम. आकार सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. उलटा धरा, पोटाशी मधोमध गुळगुळीत जाड टिकली दिसेल. नक्षी मात्र प्रत्येकाची निराळी, म्हणून रंगावर गेलात की फसलात. उन्हात पडून रंग उडतो, ते वेगळंच.

स्क्रूसारखे लांब शंख टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड गोलसर, खाली खाच नाही, तर टरिटेला. खाली स्पष्ट खाच असेल तर टेरेब्रा. काठ फुटला तरी खाचेचा भास होतो, म्हणून तीन-चार नग ताडून बघा.

जाड, पांढरे, उभ्या धारांचे शिंपले आर्का कुळातले. खात्री बिजागरीवर होते : तिथे सरळ रेषेत कंगव्यासारखे बारीक दात असतात. काहींवर तपकिरी साल उरली आहे, तीही ओळखीची खूण. ब्लीचने ती जाते, तेव्हा नाव लागेपर्यंत ब्लीच नको.

एका शिंपल्याला नेटकं गोल भोक आहे, ते मुलीला भिंगातून जरूर दाखवा. बाहेरून रुंद, आत निमुळतं होत गेलेलं भोक म्हणजे नॅटिका या शिकारी गोगलगाईचं काम. ती शिंपला पोखरून आतला जीव खाते.

भुकटी बुरशीची नाही. प्लायवूड आणि पुठ्ठ्यातून आम्लाची वाफ सुटते, हवा दमट असली की ती कवचावर बसून क्षार तयार होतात. साध्या पाण्यात २४ तास भिजवा, पाणी तीनदा बदला, मऊ ब्रशने घासा आणि चार-पाच दिवस सावलीत वाळवा. (नुसतं समुद्राचं मीठ असेल तर पहिल्याच पाण्यात जाईल.) पडलेले खड्डे भरून येत नाहीत. पुढे काचेच्या बरणीत ठेवा. शेवेची बरणी वापरणार असाल तर साबणाने तेलाचा अंश पूर्ण काढा.

ठिकाण आणि महिना लिहिलेली चिठ्ठी बरणीच्या बाहेरून चिकटवा, आत नको. कागदही आम्ल सोडतो.