चेहऱ्यावरचा राग नेमका कुणाला दिसतो?

प्रश्न : मुलगा दुसरीत आहे. शाळेत समुपदेशक बाईंनी चेहऱ्यांची कार्डं दाखवून 'याला काय वाटतंय?' असं विचारलं. आठ्या घातलेल्या चेहऱ्याला तो म्हणाला, 'ऊन लागतंय.' डोळे विस्फारलेल्याला म्हणाला, 'याला काहीतरी मोठ्ठं दिसलंय.' अपेक्षित उत्तरं होती राग आणि भीती. 'भावना ओळखण्यात कमी' असा शेरा आला. सासूबाई हसण्यावारी नेतात, पण मला झोप नाही.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आधी झोपा. 'ऊन लागतंय' हे उत्तर मला तरी फार आवडलं. भर दुपारी मिरजेच्या स्टँडवर जाऊन बघा, निम्मे चेहरे त्या कार्डावरचेच दिसतील.

राग, भीती, दुःख चेहऱ्यावर छापलेलं असतं आणि डोळे असलेल्या कुणालाही ते वाचता येतं, असं या कार्डांनी गृहीत धरलेलं असतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये केलेल्या कामामुळे हे मत रुजलं. पण त्यांची रीत अशी, की छोटी गोष्ट सांगायची आणि तिला शोभेल तो फोटो निवडायला लावायचा. म्हणजे अर्धं उत्तर गोष्टीनेच दिलेलं!

समोरच्याकडे शब्दच नसेल तर काय होतं, हे क्रिस्टन लिंडक्विस्ट या अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ बाईंनी तपासलं. २००६च्या त्यांच्या प्रयोगांत लोकांना 'राग' यासारखा एखादा शब्द मोठ्याने ३० वेळा म्हणायला लावला. (तुम्हीही म्हणून बघा, विसाव्या वेळेपर्यंत नुसता आवाज उरतो.) मग लगेच चेहरे दाखवले. शब्द तीनदाच म्हटला असता लोक जेवढे चटकन आणि बिनचूक उत्तर देत, तेवढं आता जमेना. चेहरे तेच, डोळेही तेच.

पुढे २०१४मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सिमँटिक डिमेन्शियाचे तीन रुग्ण अभ्यासले. या आजारात शब्दांचे अर्थ हळूहळू पुसले जातात. सहा प्रकारच्या चेहऱ्यांचे फोटो देऊन गठ्ठे करायला सांगितलं, तर त्यांनी साधारण तीनच केले : बरं वाटणारे, वाईट वाटणारे, मधले. राग आणि भीती एकाच गठ्ठ्यात. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ मारिया जेन्ड्रन यांचा नामिबियातल्या हिंबा लोकांवरचा अभ्यास आला. त्यांच्यापैकी अनेकांनी फोटोंचं वर्णन 'हसतोय', 'बघतोय' असं केलं. तुमच्या चिरंजीवांचं 'मोठ्ठं दिसलंय' त्याच घराण्यातलं!

भावना चेहऱ्यावरच छापलेली असते, की बघणाऱ्याजवळच्या शब्दामुळे दिसते, हा वाद मिटलेला नाही, आणि तीन रुग्ण म्हणजे फार नव्हेत, हेही खरं. माझं माप मात्र लिंडक्विस्टबाईंच्या पारड्यात.

शाळेतल्या समुपदेशक बाईंना एवढंच विचारा, की कार्डाखाली शब्दांचे पर्याय दिले होते का. आणि घरी कार्डांचा नाद सोडा. धाकटीने त्याची पेन्सिल पळवली की तिथल्या तिथे विचारा, 'काय झालं रे? राग आला, की वाईट वाटलं?' शब्द प्रसंगाला चिकटून येऊ देत. हाक मारल्यावर तो लक्ष देत नसेल, इतर मुलांत मिसळत नसेल, तर बालविकासतज्ज्ञांना जरूर दाखवा. नुसत्या या शेऱ्यापायी नको.

प्रश्न : दुपारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हमखास भडकतो. साहेब मुद्दाम टोचून बोलतात असं वाटतं. सकाळी तेच साहेब बरे वाटतात.
– आयटीवाला, हिंजवडी

उत्तर : जेवता कधी, ते तुम्ही लिहिलंच नाही! जेनिफर मॅककॉर्मॅक आणि याच लिंडक्विस्टबाईंनी २०० हून अधिक विद्यार्थ्यांपैकी काहींना उपाशी, काहींना जेवून बोलावलं. कंटाळवाणं काम दिलं, संगणक मुद्दाम बंद पाडला, वर दोषही विद्यार्थ्यालाच दिला. उपाशी मुलांची चिडचिड जास्त झाली, प्रयोग घेणारी व्यक्तीही त्यांना जास्त खडूस वाटली. पण आधी भावनांविषयी चार ओळी लिहिलेल्या उपाशी मुलांच्या बाबतीत हा फरक दिसला नाही. भूक होतीच, फक्त तिचं खापर दुसऱ्यावर फुटलं नाही.

तेव्हा मीटिंगआधी डबा उघडा. जमलं नाही, तर कॅमेरा सुरू करण्यापूर्वी 'मला आत्ता काय होतंय?' एवढं कागदावर लिहा. साहेब खरोखरच खडूस असतील, तर ते जेवल्यावरही दिसतील.