आयात शुल्क वाढवलं की देशातल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्या खरंच वाचतात का?

काही वाचतात, पण त्याची किंमत फार मोठी पडते आणि ती कोण भरतंय ते पटकन दिसत नाही. अमेरिकेने 2018 मध्ये बाहेरून येणाऱ्या वॉशिंग मशीनवर टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावलं, तेव्हा मशीन तर महागलीच पण ज्याच्यावर टॅरिफ नव्हतंच तो कपडे वाळवायचा ड्रायरही जवळपास तेवढाच महागला, कारण लोक दोन्ही जोडीनेच घेतात आणि कंपन्यांनी वाढ दोन्हीवर वाटून टाकली! अर्थतज्ज्ञांच्या हिशोबाने साधारण 1800 नोकऱ्या तयार झाल्या आणि एकेका नोकरीमागे ग्राहकांच्या खिशातून वर्षाला 8 लाख डॉलरच्या वर गेले.

स्टीलचं तर अजून अवघड आहे. त्याच वर्षी तिथे आयात स्टीलवर 25 टक्के लावले, पण स्टील बनवणाऱ्यांपेक्षा ते वापरून गाड्या, यंत्रं, डबे बनवणारे कामगार कितीतरी जास्त असतात, त्यांचा कच्चा माल महागला की त्यांच्याच नोकऱ्या धोक्यात येतात, वर समोरचा देश उलट टॅरिफ लावतो ते वेगळंच.

तरी कारखाना बंद पडला की अख्खं गाव बसतं, ते दुःख खरं आहे आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. म्हणून माझं मत, नव्या उद्योगाला पाय रोवायला ठराविक मुदतीचं टॅरिफ द्या, पण मुदत आधीच जाहीर करा आणि मिळालेला पैसा कामगारांच्या ट्रेनिंगवर घाला.